हार घेऊन उभं राहिलेलं गाव

तुमच्या गावावरून जी सुपरफास्ट धडधडत जाते, ती तुमच्या गावात थांबते का?

आमच्यात थांबत नाही. तरी तिच्या स्वागताला हार आम्हीच आणला होता.

आमचं गाव लातूरच्या अलीकडचं. छोट्या रुळाची गाडी होती तेव्हा रानातून कुणी हात केला तरी ड्रायव्हर वेग कमी करायचा. त्या गाडीनं ताई लातूरला क्लासला जायची आणि दिवेलागणीला परत यायची. ही परत येण्याची अट आईची. भूकंपात मामा भिंतीखाली गेला, तेव्हापासून आई अंगणात पत्र्याखाली निजायची. लातुरात मजल्यावर मजले चढवून होस्टेलं उठत होती. आई म्हणायची, "शिक की लई. पण निजायला घरी ये."

मग रूळ रुंद करायचं ठरलं. पारावर सभा भरली. नांदेडहून आलेले पुढारी पाहुणे मुंबईची गाडी जाहीर करून मोकळे झाले. शाळेतले गुरुजी उठले. "मोठी गाडी येऊ द्या. पण सोबत दोन डब्यांची हलकी गाडीही मागू. बससारख्या इंजिनावर चालते, खर्च कमी, प्रत्येक हॉल्टला थांबते."

"गुरुजी, जत्रेतली गाडी मागून राहिले का?" पाहुणे म्हणाले.

सभा खदखदून हसली. काका ओरडला, "आमी काय मुंबईला जायचंच न्हाई का?" काका आजवर मुंबईला गेलेला नाही. गुरुजी खाली बसले.

छोटी गाडी बंद झाली. शेवटची एसटी क्लास सुटायच्या आधीच निघायची. ताई काही दिवस शेवटचा तास बुडवून पळत आली, मग क्लासच सुटला. तिला डॉक्टर व्हायचं होतं.

काही वर्षांनी पहिली मोठी गाडी आली. हलगी, नारळ, झेंडूचा हार घेऊन सारं गाव हॉल्टवर. गाडी धूळ उडवून निघून गेली. काकानं तो हार शेवटी गावाच्या नावाच्या पाटीला घातला.

ताई म्हणाली, "काका, आता उदबत्ती बी लावा."

यंदा ताईची मुलगी दहावीला आहे. रूळ तेच, थांबा नाही.

निवडणुका आल्या की पाहुणे पुन्हा येतील, नवी गाडी जाहीर करतील. टाळी वाजवण्याआधी उठा आणि विचारा: ती आमच्या हॉल्टवर थांबणार का? संध्याकाळी आमच्या पोरी घरी आणणार का? नसेल, तर ती हलकी गाडी मागा. आणि सभा हसली, तरी खाली बसू नका.