महालक्ष्म्यांच्या जागेवरचं कपाट

रिटायर झाल्यावर यांनी गाण्यांसाठी एक कपाट करून घेतलं. अस्सल सागवान, आत अँप्लिफायर, दोन्ही बाजूंना स्पीकर, खाली चार चाकं. एवढं जड, की आणणाऱ्या माणसांनी दोनदा पाणी मागितलं. ठेवलं नेमकं बैठकीतल्या त्या भिंतीशी, जिथं दरवर्षी भादव्यात आमच्या महालक्ष्म्या बसतात.

"तीन दिवसांचीच तं गोष्ट आहे. तेव्हा सरकवून देऊ," हे म्हणाले. मी मान हलवली. मला पटकन बोलता येत नाही.

पण जागा देवीची, सासूबाईंनी नेमून दिलेली. म्हणून दर शुक्रवारी हे बाजारात गेले की मी कपाटाच्या पुढच्या कोपऱ्यात पाणी शिंपडायची, हळदीकुंकू वाहायची आणि हे परत यायच्या आत पुसून टाकायची.

यंदा महालक्ष्म्या यायच्या आदल्या सकाळी यांनी कपाट आतल्या खोलीकडे ढकललं, तर त्याच कोपऱ्याचं चाक निखळून पडलं. चाकाचा बोल्ट मधोमध मोडला होता, अर्धा आतच अडकलेला. तो निघाल्याशिवाय नवं चाक बसणार नव्हतं.

इथल्या गुढियारी मोहल्ल्यातून एक हिंदी बोलणारा मिस्त्री आला. दोघांनी कपाट रिकामं करून गोधडीवर आडवं पाडलं. आडवं ते दारातून जात नव्हतं आणि उभं करून न्यायला चाक नव्हतं. देवीची जागा आधीपेक्षा जास्तच अडली. मिस्त्रीनं ड्रिल लावलं. टोक घसरलं आणि बोल्टवर कडेला नुसता एक खड्डा पडला.

"भैया, ड्रिल का दूसरा बिट लाना पड़ेगा. परसों आऊँगा."

"अरे, उद्या दुपारी महालक्ष्म्या येऊन राहिल्या."

"हव," तो नुसतं हो म्हणाला, आणि सामान आवरू लागला.

मी स्वयंपाकघराच्या पडद्यामागं उभी होते. माझ्या शिलाई मशीनच्या सुईचा स्क्रू एकदा असाच आत मोडला होता, तो मीच काढला होता. ते सांगावं म्हणून तोंड उघडलं.

"काही म्हनलं का?" यांनी विचारलं.

"चहा ठेवू का, म्हटलं."

चहा पिऊन यांनी मिस्त्रीला कसंबसं पटवलं, आणि दोघे ड्रिलचं चांगलं टोक आणायला स्कूटरवर गेले. घरात मी आणि ते आडवं कपाट.

मशीनचं तेल आणून बोल्टच्या कडेनं थेंब थेंब सोडलं. ते मुरेपर्यंत पुरणाची डाळ निवडली. मग मशीनचे स्क्रू फिरवायचा छोटा पेचकस घेतला. मिस्त्रीनं पाडलेला खड्डा कामाला आला. त्यात टोक तिरपं रोवून, बोल्ट ज्या बाजूनं उलटा फिरेल त्या बाजूला खलबत्त्याच्या बत्त्यानं हलके ठोके दिले. बराच वेळ काही नाही. पुन्हा तेल, पुन्हा ठोके. मग तो केसभर सरकला. पुढं एवढा बाहेर आला, की चिमट्यानं धरून फिरवता आला. मी तो गोधडीवर ठेवला आणि स्वयंपाकघरात पळाले.

"अरे, ये किसने निकाला?" मिस्त्रीचा आवाज आला.

यांनी तेलाची कुपी पाहिली असणार. "आमच्या घरी बी एक मिस्त्री आहे," हे म्हणाले. आवाजात हसू होतं.

"पर भैया, बाकी तीन तो नए जैसे हैं. यही एक कैसे सड़ गया?"

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. बोल्ट हातात फिरवून हे अंगठ्यानं पुसत होते. गंजलेल्या आट्यांत पिवळी हळद बसली होती.

"घरातच पावसाचं पाणी येते का काय," हे पडद्याकडे पाहून म्हणाले.

मी बाहेर आले. परक्या माणसासमोर एवढं मी कधी बोलले नव्हते. "मीच घालत होते पाणी. दर शुक्रवारी. जागा देवीची आहे."

मिस्त्री खाली बघत नवं चाक बसवू लागला. यांनी बोल्ट खिशात टाकला. "मंग आता कपाट आतल्या खोलीतच राहू दे," म्हणाले. "नाही तं वर्षभरात बाकीचे तीन बी जातीन."

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या आपल्या जागेवर बसल्या. कपाट अजून आतल्या खोलीतच आहे. गाणं भिंतीआडून जरा हळू येतं, आणि शुक्रवारी मी यांच्यासमोरच पाणी शिंपडते.