सगळ्यात खालचा पंजा

स्कोअरबुकाच्या पुढच्या पानांवर मॅच लिहितात. मागच्या पानांवर काय लिहायचं हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तिथं किस्से लिहिते. पलूसच्या आमच्या शाळेच्या बास्केटबॉल मैदानावर दर रविवारी सकाळी जुने खेळाडू पायऱ्यांवर येऊन बसतात, चहा मागवतात आणि एकाच विषयावर भांडतात. या मैदानाचा आजवरचा सगळ्यात भारी सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू, कोण? पुढच्या बाजूला यंदाच्या फक्त नऊ मॅच आहेत. मागची पानं मात्र संपत आलीत!

भांडणारे मुख्य तिघं, आणि तिघंही सेंटरच. हवालदार आबा सगळ्यात जुने. शाळेत असताना खेळले, मग फौजेत गेले आणि तिथं पलटणीच्या टीममधूनही खेळले. आता पंचाहत्तरीला आलेत, पण पाठ न टेकता बसतात. त्यांच्यानंतरचे बापू साखर कारखान्यात फिटर होते. दार कितीही उंच असलं तरी सवयीनं वाकूनच आत येतात. बापूंच्या नंतरच्या शैलामावशी. मैदानासमोरची पिठाची गिरण त्यांची. चौथी मी, पण मला धरू नका. मी स्कोअर लिहायचे. यंदा उंची वाढली म्हणून खेळाच्या सरांनी मला सेंटरला उभं केलं.

रिंगच्या मागं स्टोअररूमची भिंत आहे. आमच्याकडचा रिवाज असा, की सेंटर म्हणून पहिली मॅच खेळायच्या आधी हात गेरूत बुडवायचा, जागेवरून उडी मारायची आणि भिंतीवर पंजा उमटवायचा. बापूंचा पंजा सगळ्यात वर आहे. शैलामावशींचा त्याच्या जरा खाली. आणि आबांचा सगळ्यात खाली. माझा अजून नाही. सरांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी म्हटलं, गेरू संपलाय. गेरू पोतंभर आहे.

या वर्षी जिल्ह्याच्या मॅच आमच्या मैदानावर आहेत. हेडसरांनी सांगितलं, "भिंत रंगवायची. पंजे सगळे जाणार, फक्त एक ठेवू. खाली नाव लिहू, आमचा सर्वोत्तम सेंटर. कुणाचा ठेवायचा ते तुम्ही तिघं ठरवा."

बापू म्हणाले, "ठरवायचं काय त्यात? भिंतच सांगतीया की!"

 त्या दिवशी आबांचा चहा कपात तसाच राहिला.

*

आबांचा आवडता किस्सा आटपाडीचा. त्या काळी तिकडचं मैदान म्हणजे नुसती माती आणि कुसळं. आमची टीम अनवाणी, त्यांचीही अनवाणी. हाफटाइमला दोन्ही टीम शेजारी शेजारी बसून पायातले काटे काढायच्या.

"त्यांच्या सेंटरच्या टाचंत काटा रुतल्याला," आबा सांगतात. "निघंना. मग म्या काढून दिला."

"आणि मग?" साक्षीनं विचारलं. साक्षी आमच्या टीमची कॅप्टन.

"मग काय? सेकंड हाफला त्यानं माझ्यावर बारा पॉइंट मारलं!"

बापू लगेच म्हणाले, "बघा! हे काय सेंटरचं लक्षाण हाय व्हय?"

*

बापूंचा किस्सा नियमाचा. समोरच्या रिंगखालच्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नसतं. सांगलीच्या एका मॅचमध्ये रेफरीनं बापूंना चार वेळा शिट्टी मारली. पाचव्या वेळी रेफरी वैतागून जवळ आला. "अहो, तीन सेकंदात बाहेर या, एवढंच सांगतोय मी!"

बापू हात जोडून म्हणाले, "सायेब, तीन सेकंदात मी वळत पण न्हाई!"

हा किस्सा ते दर रविवारी सांगतात आणि दर रविवारी उठून, वळून दाखवतात. मी एकदा घड्याळ लावून बघितलं. आता पाच लागतात.

*

शैलामावशींची पहिली मॅच आणि त्यांना बघायला येणारे पाहुणे, दोन्ही एकाच दिवशी निघाले. त्यांनी घरी सांगितलं, मॅच संपली की येते. आल्या तेव्हा पाहुणे पोहे खात होते. साडी नेसायला वेळ मिळाला, हात धुवायला नाही.

उंब्रजहून आलेल्या होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "एकाच हाताला मेंदी कशी गं?"

"मेंदी न्हाई, गेरू हाय," मावशी म्हणाल्या आणि सगळं खरं सांगून टाकलं. मैदान, उडी, भिंत, पंजा. त्यांच्या आईनं आतून कपाळावर हात मारलेला बाहेर ऐकू आला.

सासूबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मग जिंकलाव का?"

"जिंकलो."

"मग बस की. उभी का?"

मावशी म्हणतात, लग्न तिथंच ठरलं, बाकीचं नुसतं जेवण होतं.

*

एकदा साक्षीनं मोबाइलवर अमेरिकेतल्या एका सेंटरचा व्हिडिओ आणला. सात फुटांच्या वर उंची. उडी न मारता बॉल रिंगमध्ये नुसता ठेवायचा, जसं आपण फडताळात डबा ठेवतो. साक्षीला वाटलं, आता तरी वाद मिटेल.

बापूंनी बघितलं आणि म्हणाले, "लय भारी हाय गड्या." शैलामावशी म्हणाल्या, "ह्याला कापड किती लागत असंल?"

आबांनी मोबाइल हातात घेऊन, डोळ्यांपासून लांब धरून, पूर्ण व्हिडिओ बघितला. मग म्हणाले, "चांगला हाय. पण पायात बूट हायती."

"मग?"

"मग काय? काडाय लावा आन् आटपाडीला आणा!"

*

आबा मॅच बघताना बॉलकडं बघत नाहीत. रिंगकडं तर नाहीच. ते गुडघ्यांकडं बघतात. "उडी हातात नसती पोरींनो, गुडघ्यात असती," असं म्हणतात. बास्केट झाली का नाही, हे ते शेजारच्याला विचारतात!

एका प्रॅक्टिसला साक्षी उडी मारायचंच टाळत होती. सरांनी विचारलं तर म्हणाली, पाय दुखतोय. सरांनी तिला बसायला सांगितलं. पायऱ्यांवरून आबांचा आवाज आला, "सर, पाय दुखत न्हाई तिचा. रातच्याला जागलीय ती. गुडघं झोपल्यात!"

आदल्या दिवशी साक्षीच्या चुलत बहिणीची हळद होती. आबांना ते माहीत असायचं काहीच कारण नव्हतं.

तेव्हापासून आबा पायऱ्यांवर असले की कुणी अर्धी उडी मारत नाही.

*

हा किस्सा मी लिहायचा नाही असं ठरवलं होतं.

गेल्या महिन्यात साताऱ्याची मुलींची टीम सरावाची मॅच खेळायला आली होती. पंजांचा रिवाज साक्षीनंच त्यांना सांगितला. त्यांच्यातली एक उंच मुलगी भिंतीजवळ गेली आणि टाचा थोड्या उचलून तिनं आबांच्या पंजावर आपला पंजा ठेवला. उडी न मारता.

"तुमच्याकडं सेंटर व्हायला एवढंच लागतं?" ती हसत म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नसावं.

आबा पायऱ्यांवरच होते. ते म्हणाले, "व्हय बाळ, एवढंच लागतं."

मग ते उठून घरी गेले. मॅच सुरू व्हायची होती. आबा मॅच न बघता गेल्याची ही एकच नोंद माझ्याकडं आहे.

*

रंगारी सोमवारी येणार होता. रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा आबा टिकाव आणि खोरं घेऊन भिंतीपाशी उभे होते.

आबांचं म्हणणं पहिल्यापासून एकच. त्यांच्या वेळी मैदान मातीचं आणि खोलात होतं. नंतर, बापूंच्या आधी, भर टाकून, उचलून ते सिमेंटचं केलं. भिंत जुनीच राहिली. म्हणजे त्यांचा पंजा खाली नाही, जमीन वर आलीय.

"आली असंल की, वीतभर," बापू म्हणायचे.

"वीतभर? दोन फूट!"

हे भांडण मी निदान सहा वेळा लिहिलंय. पण खणून बघावं हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं.

सिमेंट भिंतीपर्यंत पोचलेलं नाही, मध्ये मुरमाची पट्टी आहे. आबा तिथं खणायला लागले. बापू मदतीला वाकले तर आबा म्हणाले, "तू बस. मागनं म्हणशील, म्याच खोल खणलं."

मुरूम संपला. मग दगडगोटे लागले. मग काळी, घट्ट बसलेली माती आली आणि आबांनी टिकाव बाजूला ठेवला. हातानं माती झाडली. खाली पांढरी रेघ होती. चुन्याची. जुन्या मैदानाची.

 आबांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि बोट सदऱ्याला पुसलं.

मी टेप लावली. पावणेदोन फूट. तेवढी भर वजा केली तर आबांचा पंजा बापूंच्या पंजाच्या वर दोन बोटं जात होता.

बापूंनी टेप माझ्या हातातून घेऊन परत लावली. मग म्हणाले, "आवं आबा, टेपचं ऱ्हावू द्या.  तितनं तर कुणाचा बी हात जाईल. तिथवर जाणं अवघड हाय हे कुणीतरी दावा, मग मी मानतो."

"मी दावतो," आबा म्हणाले आणि खड्ड्यात उतरायला लागले.

शैलामावशींनी त्यांचा दंड धरला. "काय बी काय! बापूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, माझी कंबर गेलीय, तुमचं तर वय झालं. ही पोर हाय की. आता सेंटरला खेळणार हाय. ही उतरंल. हिचा हात आबांच्या वर गेला, तर आबांचा पंजा पुसायचा, बापूंचा ठेवायचा. न्हाई गेला, तर आबांचा ऱ्हायला. मान्य?"

"मान्य," बापू म्हणाले.

"मान्य," आबा म्हणाले.

मला कुणी विचारलं नाही.

मी खड्ड्यात उतरले. मैदान माझ्या गुडघ्यांपर्यंत आलं. रोज येता-जाता दिसणारा तो पंजा तिथून पहिल्यांदाच उंच दिसला. बोटं पसरलेली होती आणि करंगळीपाशी गेरूचा एक ओघळ सुकला होता. वरून तो कधी दिसला नव्हता.

शैलामावशींनी गेरूचं घमेलं पुढं केलं. मी हात बुडवला. साक्षी, सर, बापू, मावशी सगळे वर भिंतीकडं बघत होते. आबा खाली बघत होते.

मी उडी मारली.

पंजा उमटला. आबांच्या पंजाच्या चार बोटं खाली.

"न्हाई गेला!" बापूंनी टाळी वाजवली. हरले होते तरी हसत होते. "ऱ्हायला आबा तुमचा! द्या टाळी!" साक्षीनं शिट्टी मारली. सर म्हणाले, हेडसरांना सांगून येतो.

आबांनी टाळी दिली नाही. भिंतीकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मावशींच्या हातातलं घमेलं घेतलं, खड्ड्याच्या काठावर हळूहळू उकिडवे बसले आणि घमेलं माझ्यापुढं धरलं.

"गुडघं वाकवलं न्हाईस तू," ते म्हणाले. "परत मार."