मेकॅनिक म्हणाले, अर्थ नाही

दसऱ्याच्या आयुधपूजेला इथे कन्नड मुलखात प्रत्येक वाहनाच्या चाकांखाली लिंबं ठेवतात आणि वाहन त्यांवरून पुढे नेतात. मागच्या वर्षी, नातवंडांनो, तुमच्या आजोबांचा जुना पेट्रोलचा ट्रॅक्टर चौघांनी ढकलत नेला. जे. पी. नगरातल्या आमच्या गल्लीने टाळ्या वाजवल्या, त्या मला बोचल्या. मी अट घातली: पुढच्या पूजेला हा स्वतःच्या बळावर लिंबं चिरडेल, नाहीतर गुजरीत जाईल. गुजरी म्हणजे आपलं भंगार. आजोबा "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि वर्षभर ट्रॅक्टरखालीच राहिले.

पूजेच्या आठ दिवस आधी तो खरंच सुरू झाला, चांगला चार मिनिटं धडधडला. मला इतका आनंद झाला की मी त्याला रंग द्यायला घेतला. एकही बोल्ट वगळला नाही. बॅटरीपासून सांगाड्याला जोडलेली एक पट्टी होती, तीही सोडवली, खालचा गंज घासला, लाल रंगाचे दोन हात दिले आणि पट्टी जागच्या जागी बसवली.

रंग वाळला आणि ट्रॅक्टर मेला. प्लग काढून इंजिनाला टेकवायचा आणि हँडल मारायचं. ठिणगी निळी, कडकडीत यायला हवी. येत होती ती पिवळी, बारीक, लाजल्यासारखी. आजोबांनी प्लग बदलला, वायर बदलली, पॉइंट पॉलिशपेपरने घासले. मी शेजारी स्टुलावर बसून इंग्रजी मॅन्युअल मोठ्याने वाचत होते आणि झालेल्या कामापुढे पेन्सिलने खूण करत होते.

"आता स्पार्क सुधारला का?"

"तू वाचायची थांबलीस तर सुधारेल."

पूजेच्या आदल्या दिवशी चामराजपेटहून एक वयस्कर मेकॅनिक आले. त्यांनी दोन वायरी हलवल्या, मान हलवली आणि म्हणाले, "अर्थने इल्ला, अण्णा."

'इल्ला' म्हणजे नाही. आणि अर्थ कन्नडमध्येही आपलाच अर्थ. आजोबांनी हात पुसले.

"ऐकलंस? ह्यात काही अर्थच नाही म्हणतात. बोलाव गुजरीवाल्याला." आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन भिंतीकडे बघत बसले.

अट माझी, पण राग मला मेकॅनिकचा आला. मी त्यांना माझ्या होत्या नव्हत्या त्या कन्नडमध्ये फैलावर घेतलं. "ह्यांनी वर्ष घातलंय ह्यात! पाच मिनिटांत अर्थ नाही कसं म्हणता?"

ते बिचारे गोंधळले. "अक्का, अर्थ! अर्थिंग! करंटला परत जायला वाट नको? ह्या पट्टीखाली उघडं लोखंड लागतं." त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. "इथे रंग आहे. तोही दोनदा! पट्टी काढून खाली रंग कुठल्या शहाण्याने दिला?"

आजोबा खुर्चीतून उठले. इतक्या सावकाश त्यांनी माझ्याकडे कधी वळून पाहिलं नव्हतं.

"शहाणी," ते म्हणाले. "घरातलीच आहे."

मी स्वयंपाकघरातली जुनी सुरी आणली आणि लोखंड चमकेपर्यंत माझा सुंदर रंग खरवडला. पट्टी आवळली, प्लग टेकवला, हँडल मारलं. ठिणगी अशी कडाडली की मेकॅनिकनी हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या हँडलला इंजिन पेटलं. चारही लिंबं चिरडून ट्रॅक्टर फाटकाबाहेर पडला आणि कोपऱ्यावर थांबला. थांबवला की थांबला, हे आजोबा अजून सांगत नाहीत. अटीत परत येण्याचा उल्लेख नव्हता, म्हणून मी निकाल ट्रॅक्टरच्या बाजूने दिला.