बाईंच्या टेबलावरचं जंक्शन

"दाबून धरायचं नाही. टेकवायचं आणि सोडायचं!" आमच्या शेजारच्या बाई हे वाक्य घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या, चहा विचारायच्याही आधी.

गंगापूर रोडला आमच्या भिंतीला भिंत लावून त्या एकट्या राहायच्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या. लोकांचा सोफा असतो त्या जागी ह्यांचं भलंमोठं टेबल, आणि त्यावर भावाने परदेशातून आणलेली विजेची आगगाडी. टेबलाखाली त्यांच्या वडिलांच्या वेळचा काळा ट्रान्सफॉर्मर घूंऽऽ करत बसलेला. गाडीला वीज वेगळी. हा फक्त रुळांचे सांधे बदलायला. बटणाला बोट टेकवलं की खट् व्हायचं आणि गाडी दुसऱ्या रुळावर जायची. बटण दाबून धरलं तर मात्र सांध्याची नाजूक कॉइल जळायची.

माझे वडील मनमाडला पॉइंट्समन होते. जन्मभर लोखंडी लिव्हर ओढून त्यांनी गाड्यांना वाट करून दिली. आणीबाणी उठली त्या सुमारास ते निवृत्त झाले आणि मी त्यांना नाशकात आणलं. आरामखुर्ची घेतली, रेडिओ घेतला, साध्या दळणालाही हात लावू दिला नाही. बोलणं म्हणाल तर "हूं." फारच झालं तर "हूं, बरं."

एका संध्याकाळी भिंतीपलीकडून कुणीतरी खदाखदा हसलं. कोण म्हणून पाहायला गेलो, तर आमचे वडील! तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात खोलीत जळका वास सुटला. बजावूनही वडिलांनी बटण अंगठ्याने गच्च दाबून धरलं होतं.

"खटका बसल्याबिगर हात काढायचा नाय, बाई," ते ओशाळून म्हणाले. "गाडी घसरती."

मला आतून बरंच वाटलं. चला, आता हे येणंजाणं बंद. बाई मात्र वडिलांच्या हाताकडे पाहत राहिल्या. "चूक बटणाची आहे, काका," म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नवी कॉइल घातली आणि बटण काढून तिथे एक लाकडी दांडा बसवला. तो ओढताना मध्येच पितळेची पट्टी क्षणभर घासायची, तेवढीच काय ती वीज. मग दांडा हवा तितका वेळ धरून ठेवा, काही जळत नव्हतं. वडील तो दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढायचे. हे सुचायला हवं होतं मला. मुलगा मी.

तेव्हापासून त्यांची प्रत्येक संध्याकाळ बाईंची झाली. धुक्यात मालगाडी कशी काढली, साहेब कसा घाबरला, सगळं तिकडे. माझ्या आईला त्यांनी पहिल्यांदा कुठल्या फलाटावर पाहिलं, हे मी भिंतीला कान लावून ऐकलं. बाईंचा हेवा मला तेव्हा वाटायचा, आजही वाटतो.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि भावाकडे इंदूरला निघाल्या. त्यांच्या ट्रंका मीच बाहेर काढल्या. इतक्या हौसेने मी कुणाचं सामान कधी उचललं नव्हतं. ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेऊन त्या रिक्षात बसल्या. वडील कोपऱ्यापर्यंत रिक्षामागे चालत गेले.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर आलो आणि त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसलो. "नाना, मनमाडचं सांगा ना काहीतरी. धुक्यात गाडी कशी काढायचात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, अगदी मायेने.

"बाईंला इचार," ते म्हणाले. "त्यांला समदं सांगितलंय."