तार हललेली नव्हती

भिकन गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या आमच्या कापडदुकानात गादीवर बसून एका गिऱ्हाइकासमोर साड्या उलगडत होतो. फोनवर एरंडोलहून सुशीलावहिनी होत्या, भिकनची बायको. "शेटजी, तुम्हना दोस्त गया..." एवढंच त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "कोणी मारलं?" समोरच्या बाईच्या हातातली साडी हातातच राहिली. पण भिकनला ओळखणाऱ्या कुणीही हेच विचारलं असतं. वहिनींनाही त्याचं काही वाटलं नाही. "कोनी नही मारं हो," त्या म्हणाल्या. "दुपारले जेवना, आंग टाकं, उठनाच नही." म्हणजे भिकन झोपेत गेला, स्वतःच्या खाटेवर, अंगावर एकही नवी जखम नसताना. मला आधी हायसं वाटलं आणि मग, फोन खाली ठेवल्यावर, गिऱ्हाइकाच्या देखत मी ढसाढसा रडलो. त्याला आता काही आठवडे झालेत.

भिकनची एरंडोलला लाउडस्पीकर सर्व्हिस होती. लग्न, गणपती, निवडणूक, काहीही असो, भोंगे आणि मशीन घेऊन तो हजर. मशीन म्हणजे अँप्लिफायर. आमच्याकडे त्याला कुणी दुसरं काही म्हणत नाही. हात मात्र सदा शिवशिवणारा. भाड्याने नेलेल्या भोंग्याला पोचा आणला म्हणून एका सरपंचाच्या मुलाचा दात पाडलेला. एसटीत खिडकीच्या जागेवरून एकाला कंडक्टरसकट खाली उतरवलेला. बायकोवर त्याने एकदाच हात उगारला. वहिनींनी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि शांतपणे म्हणाल्या, "मारी देख." तेव्हापासून घरात तो गरीब गाय झाला, पण उंबऱ्याबाहेर सगळा मुलूख मोकळाच होता. आणि मी कोण, तर मुंगी दिसली की पाय वळवून टाकणाऱ्या मारवाडी जैन घरातला. ही जोडी जमली कशी, असं लोक विचारत. ती जमली रेकॉर्डींमुळे.

मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा माझ्या खोलीत विष्णू नावाचा मॉरिशसचा मुलगा होता. त्याचे पणजोबा कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यावर गेलेले. आमच्यापेक्षा जुनं मराठी बोलायचा आणि दिवसभर जमैकाची गाणी वाजवायचा. रेगे म्हणतात त्याला. संथ चाल, गिटारचा उलटा ठोका, आणि खाली असा बेस की खोलीतलं पाण्याचं तांब्याभांडं थरथरायचं. पुढे तो लंडनला गेला, जाताना काही रेकॉर्डी मला देऊन गेला. जळगावात त्या ऐकायच्या कुठे? घरी वडिलांनी "हा काय गोंधळ" म्हणून सुई उचलून ठेवली. बहिणीच्या लग्नात मांडवात भिकन आला, त्याच्या मशीनवर सहज एक लावून पाहिली, तर हा दांडगा माणूस हातातली जिलबी तशीच धरून भोंग्यासमोर उभा राहिला. गाणं संपल्यावर म्हणाला, "शेटजी, हाई भोंगानं काम नही. याले खोका पाहिजे, मानूस उभा मावी असा." आणि त्याने सातपुड्याकडचं सागवान मिळवून तसला स्पीकरचा खोका खरंच केला. दर रविवारी मी एरंडोलला जायचो, आणि त्याच्या घरामागच्या गोडाउनमध्ये आम्ही दोघं त्या खोक्याला पाठ लावून बसायचो. ऐकताना बोललं तर तो मारायचा. मलाही मारलंय. तक्रार नाही.

आता ज्या थापडेने पुढचं सगळं घडलं तिच्याकडे येतो. विष्णूने एक मोठी रेकॉर्ड पाठवली. तिच्या एका बाजूला गाणं होतं, ते आम्ही ऐकलं, माना डोलावल्या. मग भिकनने तबकडी उलटली. गाणं तेच, पण गाणारा दोन ओळी गायला आणि मध्येच गडप! नुसता बेस आणि ढोल. मग एकदम कुठून तरी खोल आडातून यावा तसा अर्धा शब्द... आणि परत गडप. भिकनचा हात मशीनच्या मागे गेला. तारा दाबून पाहिल्या, हलवून पाहिल्या. गाणारा काही येईना. ते मशीन आदल्याच दिवशी नाथाने दुरुस्त केलेलं होतं. नाथा हा त्याचा मेकॅनिक, धुळ्याचा, काडीसारखा माणूस, हातात सदा खाऊ असावा तशी तारा जोडायची डागणी. तो तिथेच चहा पीत बसला होता. "गानारा कोठे गया रे?" भिकन ओरडला. नाथा कप ठेवून उठतो न उठतो तोच त्याच्या गालावर अशी थापड बसली की कप एकीकडे आणि नाथा दुसरीकडे. तो उठला, चप्पल शोधली, आणि एक शब्द न बोलता धुळ्याची एसटी धरून निघून गेला.

मी विष्णूला पत्राने विचारलं, त्याचं उत्तर आलं तेव्हा उलगडा झाला. तिकडे याला डब म्हणतात. गाण्यातून गाणाऱ्याला मुद्दाम काढून घेतात, नुसतं हाडमांस ठेवतात, मधूनच त्याची सावली सोडतात. तार हललेली नव्हतीच. मी हे भिकनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मंग नाथाले उगाच बसनी." पण धुळ्याला जाऊन हे सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आणि तोवर उशीरही झाला होता, कारण नाथाने त्या थापडेच्या रागात स्वतःची लाउडस्पीकर सर्व्हिस काढली आणि भिकनची लग्नांची कामं एकेक करून पळवायला सुरुवात केली.

विष्णूने आणखी एक गोष्ट कळवली होती. जमैकात म्हणे दोन साउंडवाले समोरासमोर खोके मांडतात आणि एकमेकांना आवाजाने हरवतात. ऐकून भिकनची आई चुलीपाशी हसायला लागली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या माहेरच्या बायका नाल्याच्या एका काठावर आणि शेजारगावच्या दुसऱ्या काठावर उभ्या राहून एकमेकींना गाण्यातून शिव्या घालायच्या, दगडही पडायचे, डोकी फुटायची. म्हातारीच्या कपाळावर त्यातलीच एक खूण होती आणि ती ती कौतुकाने दाखवायची. "त्यास्नं नवं काय शे त्यामा?" ती म्हणाली. मला वाटतं भिकनचा हात कुठून आला याचा शोध घ्यायला फार लांब जायला नको.

चोपड्याचा तो दिवस मी विसरू शकत नाही. लग्नतिथी दाट, एकाच मैदानावर दोन मांडव. एकात भिकनचं मशीन आणि वऱ्हाडात मी, दुसऱ्यात नाथाचं मशीन. भर उन्हात नाथाने आपले सगळे भोंगे आमच्या मांडवाकडे वळवले, इतके की आमच्याकडच्या भटजींना स्वतःचीच मंगलाष्टकं ऐकू येईनात. भिकनने मला डोळ्याने खूण केली. मी समजलो. त्याने सागवानी खोका मैदानाच्या मधोमध आणून ठेवला आणि ती डबची बाजू लावली, पूर्ण आवाजावर. मांडवाचे खांब हलले. बुंदीची परात टेबलावरून सरकत खाली आली. पलीकडच्या नवरदेवाची घोडी बुजली आणि नवरदेवाला बाशिंगासकट धुळीत टाकून बाजाराच्या दिशेने सुटली. क्षणभर हशा झाला. मग दोन्ही वऱ्हाडं एकमेकांवर तुटून पडली. खुर्च्या, चुलीतली जळती लाकडं, दगड, हाताला येईल ते. एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलेलं मी पाहिलं, एका बाईला केसांना धरून ओढलेलं पाहिलं. नाथा भोंग्याच्या स्टँडचा लोखंडी पाइप घेऊन आला. आधी त्याने रेकॉर्ड उचलून गुडघ्यावर मोडली. भिकनने त्याचा उजवा हात धरून बोटं अशी उलटी पिळली की मोडल्याचा आवाज मला, गोंगाटातसुद्धा, ऐकू आला. नाथाने डाव्या हाताने पाइप फिरवला. तो भिकनच्या डाव्या कानावर बसला. भिकन माझ्या अंगावर पडला, आणि माझा लग्नासाठी शिवलेला पांढरा शर्ट त्याच्या कानातल्या रक्ताने भिजला.

तो कान गेला तो गेलाच. पोलिसांत कुणी गेलं नाही. दोन्ही वऱ्हाडांनी आपसात मिटवलं, सोयरिकी होत्या. पण भिकनने तो पाइप उचलून आणला होता. खोक्याच्या मागे उभा करून ठेवला आणि सांगितलं, "ह्याच पाइपवरी नाथाले मारी टाकसू." तो रागावून बोलला असता तर मी मनावर घेतलं नसतं. तो अगदी निवांतपणे, गणपतीची वर्गणी सांगावी तसं म्हणाला. वहिनींनी मला बाजूला घेतलं. "शेटजी, हाऊ मानूस फासावर जाई. तुम्ही काहीतरी करा." मी काय करणार? मी साड्या विकणारा माणूस. पण बोलून गेलो, "भिकन, ती रेकॉर्ड तिकडे परत छापून येणार आहे. विष्णू पाठवतोय. ती न ऐकताच तुरुंगात जातोस की काय?" त्याने विचार केला. खरंच विचार केला. "येऊ दे," म्हणाला. "आयकी लेसू, मंग जासू."

आणि अशा रीतीने धुळ्यातला एक माणूस लंडनच्या टपालावर जगत राहिला. मी विष्णूला लिहिलं, घाई करू नकोस. आधी ती छापूनच येईना, मग आली तर विष्णूला मिळेना. दर रविवारी भिकन विचारायचा, "उनी का?" मी म्हणायचो, नाही. तो पाइपाकडे बघायचा. एकदा त्याने एरंडोलच्या पोस्टमनची गचांडी धरली. मध्ये जमैकाचा एक बँड मुंबईला आला तेव्हा मी त्याला घेऊन गेलो. मैदानात ही गर्दी, धक्काबुक्की. मी जीव मुठीत धरून होतो की आता हा कुणाला तरी लोळवतो. पण बेस सुरू झाला आणि त्याने शर्टाची बटणं काढून छातीवर तळहात ठेवला. "शेटजी," तो माझ्या कानात ओरडला, "फुटेल कानलेबी आयकू येस!" त्याचे डोळे भरले होते. त्या गर्दीत त्याने कुणालाही मारलं नाही, फक्त बाहेर पडल्यावर उसळपाववाल्याला एक ठेवून दिली.

विष्णू भला माणूस. त्याने पार्सल एक दिवस थेट भिकनच्या पत्त्यावर पाठवून दिलं, माझा वेळ वाचावा म्हणून! वहिनींचा फोन आला. रेकॉर्ड आली, भिकनने एकदा लावून ऐकली, आणि पाइप घेऊन धुळ्याची गाडी धरली. मी मालकाविना दुकान उघडं टाकून शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर निघालो. पारोळ्यापर्यंत नवकार मंत्र म्हणत होतो, त्यापुढे तोही आठवेना. पोचलो तेव्हा भिकन नाथाच्या दुकानाच्या पायरीवर उभा होता, एका हातात पाइप, काखेत रेकॉर्ड. आत नाथा तापलेली डागणी पुढे धरून उभा. "ये," नाथा म्हणाला. "कवयनी वाट देखी ऱ्हायनू." मी मध्ये घुसलो, तर भिकनने मला खांद्याने बाजूला सारलं. पाइप टेबलावर ठेवला आणि रेकॉर्ड पुढे केली. "पहिले हाई आयक. मंग पाइप तठेच शे."

नाथाने त्याच्याकडे नजर ठेवूनच रेकॉर्ड लावली. गाणारा दोन ओळी गायला आणि गडप झाला. आणि नाथाचा हात, ती वाकडी जुळलेली बोटं, आपोआप मशीनच्या मागे गेली. तार दाबली. हलवली. परत दाबली.

"तार नही हालनी," भिकन म्हणाला. "गानाराले त्यास्नीच काढेल शे."

नाथा तारेवर बोट ठेवून तसाच उभा राहिला. तोंडावरून सगळी वर्षं सरकत गेल्यासारखं दिसलं. "मंग माले कसाले मारं?"

"माले तवय ठाऊक नव्हतं." भिकनने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि गाल पुढे केला. "मार. आन बाकी ठेवू नको."

नाथाने बाकी ठेवली नाही. त्या वाकड्या हाताने त्याने जी थापड मारली तिने भिकन टेबलावर आपटला, ओठ फाटला, रक्ताचे थेंब रेकॉर्डच्या वेष्टणावर उडाले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा नाथा आपल्या सदऱ्याने घाईघाईने ते वेष्टण पुसत होता, आणि भिकन खाली बसल्या बसल्या रक्त थुंकून म्हणत होता, "आते दुसरी बाजू लाव."

त्यानंतर रविवारी आम्ही तिघं असायचो. पाइपाची वहिनींनी साड्या वाळत घालायची दांडी करून टाकली. भिकन सुधारला वगैरे मी म्हणणार नाही. गेल्याच वर्षी त्याने एका मंडळाच्या अध्यक्षाला गणपतीसमोर झोडपलं. पण माणूस मारायचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. आमच्या रविवारची एक रीत पडली होती. डबची बाजू लागली, गाणारा गडप झाला, की नाथाचा हात सवयीने तारेकडे जायचा आणि भिकनची थापड त्या हातावर सणकन बसायची. "सोड तार!" दर वेळी. हसणं कधी चुकलं नाही.

परवाच्या रविवारी वहिनी म्हणाल्या, "लावा ना. घर कसं मुकं व्हयी गयं." दांडीवर त्यांची साडी वाळत होती. खोक्याला जिथे भिकनची पाठ टेकायची तिथे सागवान तेलकट, काळं झालंय. तिथे कुणी बसलं नाही. नाथाने रेकॉर्ड लावली. वेष्टणावर ते डाग अजून आहेत. बेस सुरू झाला, भांडी थरथरली, गाणारा दोन ओळी गायला आणि गेला. नाथाचा हात मशीनच्या मागे गेला, तारेवर थांबला... आणि तिथेच राहिला. तो थापडेची वाट पाहत होता. मीही.