पायलट जावई आणि फक्कीचा एच

खरं तर हा किस्सा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, असं मी आणि बायकोने ठरवलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. ती भाजीवालीलाही सांगून मोकळी झाली. मग तुम्हीच काय घोडं मारलंय? घ्या, चहा घ्या, आणि ऐका माझी फजिती.

माझ्याकडे ड्रोन आहे. हसू नका! अडीचशे ग्रॅमच्या आतला, एखाद्या पेरूएवढ्या वजनाचा; पण ड्रोन तो ड्रोनच. मी पिंपळगाव बसवंतला कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर. दिवसभर द्राक्षांच्या पेट्या आणि हाडं गोठवणारी थंडी. जिवाला काहीतरी विरंगुळा नको?

पण उडवायचा कुठे? नाशकात राहून ड्रोन बाळगायचा म्हणजे फ्लॅटमध्ये घोडा पाळायचा. इकडे ओझरचं विमानतळ, तिकडे देवळालीचं लष्कर, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. सरकारी नकाशा उघडावा तर सगळीकडे लाल नाहीतर पिवळं. लाल म्हणजे नाव काढू नका, पिवळं म्हणजे आधी परवानगी, हिरवं म्हणजे उडव बाबा. हिरव्यासाठी मला गाडी काढून लांब जावं लागायचं.

पण नियम मी कधी मोडला नाही. नोंदणी केली, नंबर चिकटवला, नियमावली तोंडपाठ केली. लग्नकार्यात, बारशात, एकदा तर दहाव्यालाही मी लोकांना बाजूला घेऊन लाल-पिवळं-हिरवं समजावलंय. ड्रोन जेवढा उडला नसेल तेवढे नियम मी बोललो असेन. अभिमान होता हो मला!

एके दिवशी सासऱ्यांचा फोन आला. आम्ही त्यांना नाना म्हणतो. देवळ्याजवळ त्यांची कांद्याची शेती.

"जावईबापू, शेततळं भरलं! रविवारी पूजा हाय. सगळी भावकी बोलावलीय. आप्पापण येतोय."

आप्पा म्हणजे नानांचा धाकटा भाऊ. बांधावरच्या एका बाभळीवरून दोघांनी बारा वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. त्यामुळे हे ऐकून मीच उठून उभा राहिलो.

"समदी तळ्याभोवती उभी, आन् वरून फोटो. जमंल का? काय काय लागंल?"

आता इथे शहाण्या माणसाने काय म्हणावं? 'काही नको नाना, येतो.' पण मी पडलो नियमांचा पंडित!

"नाना, उतरायला मोकळी सपाट जागा लागेल. धूळ अजिबात नको. लोक लांब उभे राहिले पाहिजेत. आणि जमलं तर उतरायच्या जागी खूण. इंग्रजी एच काढतात तशी."

"आन् पायलट कोण?"

"कोण म्हणजे? मीच!"

मग नानांचा आवाज एकदम जड झाला. "जावईबापू, तुम्ही पायलट झाले... आन् आम्हाला सांगितलं पण नाय?"

मला वाटलं, सासऱ्यांना कौतुक दाटून आलं. आलंच होतं. फक्त कशाचं, ते मला कळलं नाही.

रविवारी सकाळी चांदवडवरून वळून आम्ही गावाच्या वेशीवर आलो, तर समोर फ्लेक्स! 'पायलट जावयांचे हार्दिक स्वागत.' त्यावर माझा लग्नातला फोटो, मुंडावळ्यांसकट. आणि पाठीमागे अख्खं विमान!

बायको म्हणाली, "अहो, हे काय?"

मी म्हणालो, "प्रेम आहे गं लोकांचं."

मळ्यात पोचलो, तर काय बघतो! कांद्याचं खळं आरशासारखं साफ. टँकरने पाणी मारून धूळ बसवलेली. मधोमध चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने काढलेला एच, एवढा मोठा की त्यात दोन ट्रॅक्टर मावले असते. चारी बाजूंनी दोर बांधून गर्दी अडवलेली. बँडवाले तयार. आणि सगळं गाव माना वर करून आभाळाकडे बघतंय.

मी आमच्या छोट्या गाडीतून उतरलो. कुणी बघितलंसुद्धा नाही.

"जावईबापू!" नाना धावत आले. "तुम्ही गाडीनं? मग हेलिकॉप्टर कोण आणतंय?"

मी पिशवीतून जेवणाच्या डब्याएवढी पेटी काढली. पेटीतून ड्रोन काढला. त्याचे चार पाय उघडले आणि एचच्या मधोमध ठेवला. एवढ्या मोठ्या एचवर तो म्हणजे ताटात पडलेला जिऱ्याचा दाणा!

दोराजवळच्या एका म्हाताऱ्या आजीने डोळ्यांवर हात धरला. "इमान कोठे शे?"

"आजी, हे काय, इथे."

"हाई तं भुंगा शे!"

जे हसले लोक! नाना हसले नाहीत. आप्पांच्या शेजारी उभे राहून ते पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. ठरवलं, आता असा उडवतो की हेलिकॉप्टर विसरतील!

तेवढ्यात आप्पांची सून सुनीता पुढे आली. हळूच म्हणाली, "दाजी, अपडेट घेतलंय ना?"

मी हसलो. मोठी माणसं लहानांना हसतात तसं. "ताई, हे जरा टेक्निकल असतं."

रिमोट चालू केला. पडद्यावर लाल अक्षरं: अपडेट आवश्यक. त्याशिवाय उड्डाण होणार नाही.

तीन आठवडे मी त्या सूचनेवर 'नंतर' दाबत होतो. का? आमच्या ड्रोनवाल्या ग्रुपवर एकाने टाकलं होतं, 'नवीन अपडेटमध्ये बंधनं वाढवलीत, कुणी घेऊ नका.' नियम पाळण्यात मी पुढे, पण अपडेट टाळण्यातही मीच पुढे!

मळ्यात नेटवर्कची एकच काडी. मी रिमोट घेऊन कांदाचाळीच्या छपरावर चढलो. तिथे दोन काड्या. खालून नाना ओरडले, "पायलट वर कशाला गेले?"

बँडवाल्यांना वाटलं उड्डाण झालं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

बारा टक्के. एकोणीस टक्के. ऊन चढलं. फोटोसाठी रांगेत उभे केलेले लोक घामाने निथळायला लागले, पण जागा जाईल म्हणून कुणी हलेना. तास गेला, दुसरा सुरू झाला. मी वरून बघतोय, तर नाना आणि आप्पा एकाच टॉवेलची सावली डोक्यावर धरून उभे! आप्पा काहीतरी म्हणाले, दोघांनी वर माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसले. बारा वर्षांनी भाऊ बोलले, आणि विषय काय? मी!

अपडेट संपलं. खाली उतरलो, तर पडद्यावर नवीन सूचना: ड्रोन हातात धरून स्वतःभोवती गोल फिरा. त्याच्या आतलं होकायंत्र तसंच ठीक करतात हो! पण गावाला काय ठाऊक? भर उन्हात एचवर जावई गिरकी घेतोय म्हटल्यावर बँडने ताल धरला आणि चार पोरी दोराखालून येऊन माझ्याबरोबर फिरायला लागल्या.

आणि मग आला शेवटचा घाव. नव्या अपडेटात उड्डाणाआधी नियमांची चाचणी होती. पाच प्रश्न, पाचही बरोबर पाहिजेत.

"नियम?" मी छाती फुगवली. "विचारा!"

चार बरोबर. पाचवा: उडवताना पायलटने नजर कुठे ठेवावी? मी ऐटीत दाबलं, पडद्यावर. चूक! नजर ड्रोनवर ठेवायची असते. चाचणी पुन्हा सुरू. घाईघाईत पुन्हा चूक. माझ्या खांद्यावरून वाचणारे आप्पा गावभर ऐकू जाईल असं ओरडले, "जावई नापास!"

सुनीताने शांतपणे हात पुढे केला. "द्या दाजी."

तेव्हा आप्पांकडून मला कळलं. ही बाई बचत गटाचा मोठा फवारणीचा ड्रोन चालवते. रीतसर शिक्षण घेतलेली, परवानाधारक पायलट! पंचक्रोशीतल्या कांद्यावर हिनेच औषध मारलेलं. आणि तिला मी 'टेक्निकल' सांगत होतो!

तिने मिनिटभरात पाचही प्रश्न सोडवले. ड्रोन सरळ वर गेला, तळ्यावर जाऊन थांबला. खाली सत्तर माणसांनी माना वर केल्या आणि एकदम आरोळी ठोकली. मीसुद्धा ठोकली. काय उडवला हो तिने! माझा ड्रोन असा उडू शकतो, हे मला त्या दिवशी समजलं.

तो फोटो आता नानांच्या बैठकीत टांगलाय. मधोमध निळं तळं, काठावर खांद्याला खांदा लावून दोघे भाऊ. पाहुणा आला की नाना त्याला आधी फोटोपुढे उभं करतात. परवा मी तिथेच बसलो होतो.

"फोटो आमच्या पायलटनं काढलाय," नाना छाती काढून म्हणाले. "आप्पाची सून."

पाहुण्याने माझ्याकडे बोट केलं. "आन् हे?"

"हे आमचे जावई," नाना तितक्याच अभिमानाने म्हणाले. "यांनी बॅटरी चार्ज करून आणली होती."

आणि खोटं कशाला बोलू, शंभर टक्के चार्ज होती बरं का!