राणीची मेजवानी आणि एक जादा टोपी

नव्या टोपीच्या खळीचा वास आला की मला हिंगोलीतलं ते कापडाचं दुकान आठवतं. बहिणीच्या लग्नातल्या मानपानासाठी वडील आणि मी टॉवेल-टोप्या घ्यायला गेलो होतो. दुकानदार चाचांच्या टीव्हीवर लंडनचे रस्ते माणसांनी फुलले होते. अमेरिकेचे अध्यक्ष आले होते, तिथल्या लोकांना ते नको होते, तरी राणीनं राजवाड्यात मेजवानी मांडली होती. “मागच्या अध्यक्षाला ह्याच लोकांनी डोक्यावर घेतलं होतं,” चाचा म्हणाले. वडील तावातावानं बोलले, “मंग लोकाला नको त्याला राणी काहून जेवू घालून राहिली?” चाचा टोप्या मोजता मोजता म्हणाले, “भाऊ, मान पाहुण्याचा न्हाई, आपल्या दाराचा ऱ्हायतो.” वडिलांनी खिशातून मानपानाची यादी काढली. सरपंचकीच्या निवडणुकीत त्यांना पाडणाऱ्या धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या काकांचं, नाव त्यांनी यादीतून खोडलं होतं. यादी घडी करत ते म्हणाले, “एक टोपी वाढवा.” मांडवात काकांचं नाव पुकारलं तेव्हा माणसं टाचा उंचावून बघत होती. काका आले आणि वडिलांपुढे वाकले. वडिलांनी घातलेली टोपी थेट कानांवर उतरली, आणि दोघंही खदखदून हसले. परवा टीव्हीवर पुन्हा लंडन होतं. आता राजाची मेजवानी, पाहुणे तेच अध्यक्ष, रस्त्यावर तोच आरडाओरडा. शेजारी बसलेले काका चिडून म्हणाले, “असल्याला बोलावलंच काहून?” वडील टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, “तुला न्हाई का बोलावलं?”